एकच उतार, तीन तऱ्हांचे हिम



मार्च महिना संपत आला की कोल्हापुरात उन्हाचा चटका जाणवू लागतो. त्याच आठवड्यात काश्मीरमधील गुलमर्गच्या डोंगरावर मात्र माणसे पायांना लांब पट्ट्या बांधून पांढऱ्याशुभ्र उतारावरून घसरत असतात. ह्या पट्ट्यांना स्की म्हणतात आणि खेळाला स्कीइंग. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड पायी जाणारी कोल्हापूरची मुले थोडी मोठी झाली की हिमालयातल्या शिबिरांची चौकशी करू लागतात. परीक्षा संपल्यावर जाता येईल असे स्कीइंगचे दिवस म्हणजे नेमके हेच, मार्चअखेरचे आणि एप्रिलच्या सुरुवातीचे.

ह्या दिवसांत गेलात, तर तिथले अनुभवी शिक्षक तुम्हाला एक वेळापत्रक पाळायला लावतील. सकाळी उजाडताच धावत सुटू नका. नऊ-दहा वाजता वर जा. आणि दुपार चढण्यापूर्वी मोठ्या उतारावरून खाली या. जानेवारीत असा काटेकोर नियम नसतो, मग वसंतातच का? कारण वसंतात एकाच उतारावर दिवसातून तीन तऱ्हांचे हिम भेटते: सकाळी काचेसारखे कठीण, दहा-अकराच्या सुमारास रेशमासारखे मऊ आणि दुपारी चिखलासारखे चिकट. ते असे का बदलते हे समजून घेण्यासाठी तुमच्या पाठ्यपुस्तकातले पदार्थविज्ञान पुरेसे आहे. आणि हे समजणे केवळ मौजेचे नाही. डोंगरावर त्यावर माणसाचा जीवही अवलंबून असतो.

हिम कोठले आणि किती उंचावरचे?

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत गोळेवाल्याच्या लादीलाही आपण बर्फ म्हणतो आणि आकाशातून भुरभुरणाऱ्या कणांनाही. ह्या लेखात आकाशातून पडलेल्या, कणाकणांच्या पदार्थाला ‘हिम’ म्हणू आणि पाणी गोठून झालेल्या अखंड घन पदार्थाला ‘बर्फ’. हिमात बर्फाचे कण आणि कणांच्या मधली हवा असे दोन्ही असते. ताज्या हिमाचा बहुतेक भाग हवाच असतो, म्हणून पाऊल टाकले की ते खचते.

गुलमर्ग हे श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, बारामुल्ला जिल्ह्यात आहे. नावाचा अर्थ फुलांचे कुरण. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी १९२७ साली तेथे स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना केली, तेव्हापासून ह्या खेळाशी गावाचे नाव जोडले गेले आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता स्कीपटू आरिफ खान, आणि तो ह्याच परिसरातला. ६ जून २०२५ पासून कटऱ्याहून थेट श्रीनगरपर्यंत रेल्वे जाऊ लागल्यामुळे आपल्याकडून जाणाऱ्यांनाही हा प्रवास सोपा झाला आहे.

गुलमर्गचे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही १००० मीटर उंच. तेथून गोंडोला नावाचा, बंद डब्यांचा रज्जुमार्ग निघतो. त्याचा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला. तो कोंगडोरीपर्यंत जातो. दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला आणि तो अफरवट डोंगरावर सुमारे ३९५० मीटरपर्यंत पोहोचवतो.

हवेत वर जाऊ तसे दर किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. कोल्हापूर सुमारे ५६० मीटरवर आहे. अफरवटचा तो टप्पा त्याहून जवळजवळ ३.४ किलोमीटर उंच. म्हणजे केवळ उंचीमुळे सुमारे २२ अंशांचा फरक! कोल्हापुरात मार्चमध्ये दिवसरात्रीचे सरासरी तापमान २८ अंश धरले, तर तेवढ्या उंचीवर ते ६ अंशांवर येईल. उरलेली घट होते ती गुलमर्ग उत्तरेस ३४ अंश अक्षांशावर असल्यामुळे. परिणाम असा की मार्चअखेरीस तेथील तापमान शून्याच्या खालीवर फिरत राहते: रात्री शून्याखाली, दिवसा उन्हात शून्याच्या वर. वसंतातल्या हिमाची सगळी गंमत ह्या शून्य अंशाच्या रेषेभोवती घडते.

स्कीवर माणूस का बुडत नाही?

समजा, तुमचे वजन कपडे आणि सामानासह ६० किलोग्रॅम आहे. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरू. म्हणजे तुमचा भार ६०० न्यूटन. बुटाचा तळवा ३० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद असेल, तर दोन तळव्यांचे क्षेत्रफळ ०.०६ चौरस मीटर झाले. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, म्हणून हिमावर दाब पडेल १०,००० पास्कल. चालताना एक पाय उचललात की तो २०,००० होईल.

आता स्की बांधा. एक स्की १६० सेंटिमीटर लांब आणि सरासरी ८ सेंटिमीटर रुंद धरू. दोन्हींचे मिळून क्षेत्रफळ ०.२५६ चौरस मीटर. दाब उतरून सुमारे २,३५० पास्कलवर आला, म्हणजे बुटांनी उभे राहण्याच्या जवळजवळ चौथा हिस्सा. म्हणून बूट जेथे गुडघ्यापर्यंत खचतो तेथे स्की वरच्या वर राहते. हा २,३५० चा आकडा लक्षात ठेवा. तो आपल्याला लगेच लागणार आहे.

स्की घसरते कशाने?

हा प्रश्न वर्गात विचारला की बहुतेक हात वर होतात आणि उत्तर येते, ‘दाबामुळे बर्फ वितळतो, पाणी होते, म्हणून घसरते.’ हे उत्तर जुने आहे. आयर्लंडमधील शास्त्रज्ञ जॉन जोली यांनी १८८६ मध्ये स्केटिंगसाठी ते मांडले होते. दाब वाढला की बर्फाचा द्रवणांक उतरतो हे खरेच आहे. पण किती उतरतो? आकडे घालून पाहू.

एक वातावरण, म्हणजे सुमारे १,००,००० पास्कल, इतका दाब वाढवला तर बर्फाचा द्रवणांक सुमारे ०.००७५ अंशाने उतरतो. आपल्या स्कीचा दाब २,३५० पास्कल, म्हणजे वातावरणाच्या चाळिसाव्या भागाहूनही कमी. त्याने द्रवणांक उतरेल सुमारे ०.०००१८ अंशाने! समजा, स्की सर्वत्र न टेकता काही मोजक्या कणांवरच टेकली आहे आणि त्यामुळे तेथे दाब शंभरपट आहे. तरीही घट ०.०१८ अंशाची. हिमाचे तापमान उणे ५ अंश असेल तर ते दाबाने वितळायला सहाशेहून अधिक वातावरणांचा दाब हवा. स्कीवर उभ्या माणसाच्या भाराने ते होणे नाही. तेव्हा ‘दाबाने वितळते’ हे उत्तर स्कीच्या बाबतीत बाजूला ठेवायला हवे.

मग पाणी येते कोठून? १९३९ मध्ये बाउडेन आणि ह्यूज ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख येथील संशोधन केंद्रात ह्यावर प्रयोग केले आणि घर्षणाच्या उष्णतेकडे बोट दाखवले. तेही आकड्यांनी पडताळू. स्की आणि हिम यांच्यातला घर्षणांक ०.०५ आहे असे धरा. १५ अंशांच्या उतारावर हिमाला लंब दिशेने पडणारे बल ६०० गुणिले कोसाइन १५, म्हणजे सुमारे ५८० न्यूटन. घर्षणबल झाले २९ न्यूटन. म्हणजे दर मीटर घसरणीत २९ ज्यूल उष्णता. शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल लागतात. हा त्याचा अप्रकट उष्मा. तेव्हा सगळी उष्णता हिमालाच मिळाली तरी एका मीटरमध्ये फार तर ०.०८७ ग्रॅम पाणी होईल. दोन स्कींखालच्या एक मीटर लांब पट्ट्यावर ते सारखे पसरले, तर थराची जाडी अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास भरते. डोक्याचा एक केस सुमारे ७० मायक्रोमीटर जाड असतो हे लक्षात घ्या. इतका पातळ थर! पण स्की प्रत्यक्षात कणांच्या टोकांवरच टेकते आणि पाणी हवे असते तेही तेवढ्याच जागी.

म्हणूनच स्कीचा तळ कशाचा आहे याला महत्त्व आहे. धातूचा तळ ही उष्णता ओढून घेईल. आजच्या स्कीचा तळ पॉलिएथिलीनचा असतो. तो उष्णतेचा मंदवाहक आहे, शिवाय पाणी त्याला चिकटत नाही. त्यावर मेण घासतात तेही ह्यासाठीच.

ह्या चित्रात आणखी एक रंग भरायला हवा. मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्येच दाखवले होते की शून्य अंशावरचे बर्फाचे दोन तुकडे नुसते एकमेकांना टेकवले तरी ते जोडले जातात. त्यावरून त्यांनी अनुमान केले की बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्यासारखा पातळ थर असतो. पृष्ठभागावरच्या रेणूंना वरच्या बाजूने धरून ठेवणारे शेजारी नसतात, त्यामुळे ते थोडे मोकळे असतात. तापमान शून्याजवळ येऊ लागले की हा थर जाड होत जातो. ह्या थराचे नेमके स्वरूप आणि घसरण्यातला त्याचा वाटा ह्यांवर शास्त्रज्ञ आजही काम करीत आहेत.

एवढे मात्र पक्के: घसरण्यासाठी थोडे पाणी हवे. आणि आता दिसेल की ‘थोडे’ ह्या शब्दातच वसंतातल्या दिवसाचे मर्म आहे.

हिमाचे घड्याळ

रात्र. आकाश निरभ्र आहे. हिम आपल्या डोळ्यांना पांढरे दिसते, पण अवरक्त किरणांच्या बाबतीत ते जवळजवळ काजळासारखे काळे असते, म्हणजे ते उत्तम उत्सर्जक आहे. शून्य अंशावरचे हिम दर चौरस मीटरमधून सुमारे ३१५ वॅट इतकी ऊर्जा उत्सर्जित करते. निरभ्र, कोरड्या आकाशाकडून त्याला परत मिळते ती याहून बरीच कमी. त्यामुळे हवेचे तापमान शून्याच्या किंचित वर असले तरी हिमाचा पृष्ठभाग गोठू शकतो. आपल्याकडे थंडीतल्या निरभ्र रात्री उसाच्या पानांवर दव पडते ते ह्याच कारणाने. पान भोवतालच्या हवेपेक्षा थंड झालेले असते. आकाश ढगाळ असेल तर मात्र ढग बरीचशी ऊर्जा परत पाठवतात आणि हिम गोठत नाही. ही गोष्ट ध्यानात असू द्या.

सकाळ. आदल्या दिवशी वितळलेले पाणी गोठून कण एकमेकांना सांधले गेले आहेत. पृष्ठभाग कठीण, खडबडीत आणि कोरडा असतो. वळताना स्कीची धातूची कड त्यात रुतत नाही, स्की खडखडते आणि नवखा माणूस पडला तर लागतेही. म्हणून शिक्षक थांबायला सांगतात.

दहा-अकरा. ऊन चढले की वरचे दोन-तीन सेंटिमीटर सैल होतात, पण खालचा थर अजून कठीण असतो. ह्या वेळी हिम साबुदाण्यासारखे गोलसर दाणेदार झालेले असते. असे का? ओल्या हिमात लहान कण आणि टोकदार कोपरे मोठ्या कणांपेक्षा किंचित कमी तापमानालाच वितळतात आणि ते पाणी मोठ्या कणांवर गोठते. लहान कण नाहीसे होतात, मोठे अधिक मोठे आणि गोल होतात. दिवसा वितळणे आणि रात्री गोठणे असे अनेक दिवस चालले की हा साबुदाणा तयार होतो. इंग्रजी बोलणारे स्कीपटू ह्याला मक्याच्या दाण्यांचे हिम म्हणतात. कणांभोवती पाण्याचा हवा तेवढाच थर, वर मऊ आणि खाली भक्कम आधार, अशी ही घटका. वसंतात दुरून लोक येतात ते ह्या दोन तासांसाठी.

दुपार. पाणी वाढतच जाते. किती वेगाने, ते पाहू. ताजे, कोरडे हिम सूर्यप्रकाशाचा ८० ते ९० टक्के भाग परावर्तित करते. जुने, ओले हिम कमी परावर्तित करते. त्याने ४० टक्के शोषला असे धरू. उन्हाची तीव्रता दर चौरस मीटरला ८०० वॅट असेल, तर शोषले जातात ३२० वॅट. एका तासात साडेअकरा लाख ज्यूल. हिम आधीच शून्य अंशावर असेल आणि इतर मार्गांनी उष्णता गेली नाही, तर ह्या ऊर्जेने दर तासाला प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३.४ किलोग्रॅम हिम वितळेल. ताज्या हिमाने केवळ १५ टक्के शोषले असते, तर हा आकडा १.३ वर राहिला असता. म्हणजे एकदा ओले झालेले हिम अधिक ऊन शोषते, आणि अधिक शोषते म्हणून अधिक ओले होते.

आता कणांमधल्या मोकळ्या जागा पाण्याने भरतात आणि स्कीचा तळ सर्वत्र पाण्याला टेकतो. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये पाण्याचा थर देऊन त्या ओढून पाहिल्यात, तर त्या किती घट्ट धरतात ते ठाऊक असेल. तोच प्रकार येथे होतो. थोडे पाणी वंगणाचे काम करते. फार पाणी धरून ठेवते. पाण्याचे प्रमाण आडव्या अक्षावर आणि घर्षण उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला, तर तो आधी उतरतो, तळ गाठतो आणि मग पुन्हा चढतो. सकाळ, दहा-अकरा आणि दुपार ही ह्याच आलेखावरची तीन ठिकाणे आहेत.

घर्षणांक बदलला की काय होते?

उतारावर घसरणाऱ्या वस्तूचे त्वरण काढण्याचे सूत्र तुम्हाला माहीत आहे. हवेचा विरोध सोडून दिला तर

त्वरण = १० × (साइन कोन − घर्षणांक × कोसाइन कोन)

उतार १० अंशांचा घ्या. साइन १० म्हणजे ०.१७४ आणि कोसाइन १० म्हणजे ०.९८५. अकरा वाजता घर्षणांक ०.०५ आहे. त्वरण येते सुमारे १.२५ मीटर प्रति सेकंद वर्ग. न थांबता ५० मीटर घसरलात तर वेग होईल ११ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ४० किलोमीटर! १० अंशांचा उतार डोळ्यांना अगदी साधा वाटतो. म्हणूनच पहिल्या दिवशी वेग घ्यायला नाही, तर थांबायला शिकवतात. स्कींची पुढची टोके जवळ आणि मागची टोके दूर अशी पाचर करायची, कडा हिमात रुतवायच्या आणि घर्षण मुद्दाम वाढवायचे.

दुपारी घर्षणांक ०.१० झाला तर त्याच ५० मीटरनंतर वेग ताशी ३१ किलोमीटर येईल. ‘मग दुपार अधिक सुरक्षित नाही का?’ असे तुम्ही विचाराल. अडचण अशी की दुपारी घर्षण सगळीकडे सारखे नसते. झाडांच्या सावलीतले हिम अजून निसरडे असते आणि उन्हातले चिकट झालेले असते. सावलीतून वेगाने उन्हात शिरलात की स्की एकदम मंदावते, पण तुमचे शरीर जडत्वामुळे पुढेच जाऊ पाहते. एस.टी.ने अचानक ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे झेपावतात, तसेच. गुडघ्यांच्या दुखापतींना असे प्रसंग कारण होऊ शकतात.

आता उतार ५ अंशांचा घ्या. टॅन ५ म्हणजे ०.०८७. अकरा वाजताचा ०.०५ हा घर्षणांक त्याहून कमी, म्हणून स्की चालते. दुपारचा ०.१० त्याहून जास्त, म्हणून स्की जागची हलत नाही. ज्या वाटेने सकाळी सहज परत आलात, तिथेच दुपारी स्की खांद्यावर घेऊन चालत यावे लागते!

आणखी एक हिशेब. गोंडोलाने तुम्हाला गुलमर्गपासून अफरवटवर १३०० मीटर उंच नेले. तुमची स्थितिज ऊर्जा ६० × १० × १३०० म्हणजे ७,८०,००० ज्यूलने वाढली. खाली येऊन थांबलात तेव्हा गतिज ऊर्जा शून्य. मग ती सगळी गेली कोठे? हवेत, उडालेल्या हिमात आणि शेवटी उष्णतेत. ती सारी हिम वितळण्यात गेली असती, तर एका फेरीत २.३ किलोग्रॅम हिमाचे पाणी झाले असते.

पाणी आत मुरते तेव्हा

आता मघाशी म्हटलेल्या जिवाच्या प्रश्नाकडे वळू. वरचे पाणी वरच राहत नाही, ते खाली झिरपते. उतारावर हिमाचा थर टिकून असतो तो कणांच्या परस्परांतील सांध्यांमुळे. पाणी मुरले की हे सांधे वितळतात आणि थराची पकड जाते. पंचगंगेच्या काठी वाळूचे किल्ले केले असतील तर आठवा. कोरड्या वाळूचा ढीग एका ठरावीक कोनापलीकडे उभा राहत नाही. थोडी ओली वाळू उभी भिंतही धरते. पण पाणी आणखी ओतले की सारा किल्ला बसतो. वसंतातले ओले हिमस्खलन हे त्या तिसऱ्या अवस्थेसारखे असते.

बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. याहून सौम्य उतारावर हिम सहसा टिकते. याहून उभ्या कड्यावर ते साठतच नाही. शिकाऊ मुलांचे उतार १० ते १५ अंशांचे असतात, म्हणून तेथे हा धोका नसतो. मात्र आपण उभे आहोत तो उतार सौम्य असला तरी डोक्यावरचा उतार किती आहे हे पाहायलाच हवे, कारण सुटलेले हिम खाली येते.

हा धोका कागदावरचा नाही. अफरवटच्या उतारांवर १ फेब्रुवारी २०२३ रोजी हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू गेले आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी रशियाचा एक. ह्या हिवाळ्यातल्या घटना होत्या. हिवाळ्यात मुख्य भय असते ते नव्याने साठलेला थर जुन्यावरून सुटण्याचे. वसंतातही हिमालय शांत नसतो. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथू ला खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्याजवळ हिमस्खलन होऊन ७ पर्यटक मृत्युमुखी पडले. ते स्कीइंग करीत नव्हते, हिम पाहायला थांबले होते.

हिमालयातील हिमस्खलनांचा अभ्यास आणि पूर्वसूचना हे काम पूर्वी मनालीची ‘सासे’ ही संरक्षण खात्याची प्रयोगशाळा करीत असे. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीन होऊन चंडीगडची ‘डीजीआरई’ ही संस्था झाली. तिची सूचना पाहिल्याशिवाय मोठ्या उतारावर जायचे नाही, हा पहिला नियम. सोबत स्वतःच्या डोळ्यांनी वाचायच्या चार खुणाही पाठ करा:

१. रात्र ढगाळ होती आणि सकाळी पृष्ठभाग गोठलेला नाही. त्या दिवशी घड्याळ बिघडले आहे असे समजावे.

२. बूट घोट्याच्या वर ओल्या हिमात खचू लागला आहे.

३. उतारावरून हिमाचे लहान गोळे आपोआप घरंगळत खाली येऊ लागले आहेत.

४. ऊन कोणत्या बाजूला आहे? पूर्वेकडे तोंड असलेले उतार आधी सैल होतात, मग दक्षिणेकडचे, नंतर पश्चिमेकडचे. उत्तरेकडचे सर्वांत शेवटी.

ह्यांतील पहिल्या तीनपैकी एकही खूण दिसली तर उभ्या उतारांपासून दूर व्हायचे. ‘आणखी एकच फेरी’ असे म्हणायचे नाही.

जाता जाता डोळ्यांविषयी. हिम प्रकाश परत फेकते तसेच अतिनील किरणही. ते वरून आणि खालून असे दोन्हीकडून येतात. त्यामुळे टोपी घालूनही हनुवटीखालची त्वचा भाजते आणि चष्म्याशिवाय राहिल्यास काही तासांत डोळ्यांची आग होऊन दिसेनासे होऊ शकते. अतिनील किरण अडवणारा गडद चष्मा ही तेथे चैन नसून गरज आहे.

घड्याळ चालण्यासाठी थंड रात्र हवी

गुलमर्गला हिम मिळते ते हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या झंझावातांतून. ते चुकले की उतार उघडे पडतात. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणे बराच काळ जवळजवळ कोरडी होती. २०२५ मध्ये ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधील भाग हिम अपुरे असल्यामुळे फेब्रुवारीत होऊ शकला नाही. तो ९ ते १२ मार्चला झाला. एखाद्या वर्षावरून हवामानाविषयी निष्कर्ष काढायचा नसतो, हे खरे. पण तुम्ही आता एवढे सांगू शकाल की वसंतातल्या हिमाला नुसता हिमवर्षाव पुरत नाही, गोठवणाऱ्या रात्रीही हव्यात. रात्री उबदार होऊ लागल्या तर दहा-अकराची ती सुरेख घटका आखूड होत जाईल आणि दुपारचा धोका सकाळीच उभा राहील. शिवाय हेच हिम सावकाश वितळून झेलमच्या खोऱ्यातील शेतांना पाणी देते. ते लवकर वितळले तर प्रश्न केवळ खेळाचा उरणार नाही.

करून पाहा

१. गोळेवाल्याकडून किसलेला बर्फ आणून दोन बशांत सारखे ढीग करा. एकावर कोळशाची चिमूटभर पूड भुरभुरा. दोन्ही बशा उन्हात ठेवा आणि दर पाच मिनिटांनी साठलेले पाणी मोजा.

२. साखरेचा ढीग ताटात सावकाश ओता आणि उताराचा कोन मोजा. त्यासाठी कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून टोकाला नट लटकवा. मग वाळू घेऊन कोरडी, दमट आणि चिंब अशा तीन अवस्थांत हेच करा.

३. बर्फाची छोटी लादी ट्रेमध्ये ठेवून ट्रे एका बाजूने उचलत जा. लादीवर ठेवलेली प्लॅस्टिकची डबी कोणत्या कोनाला घसरू लागते? त्या कोनाचा टॅन म्हणजे स्थितिक घर्षणांक. लादी फ्रीजमधून काढल्याबरोबर एकदा आणि ती पाझरू लागल्यावर पुन्हा मोजा.

विचार करा

१. ८ अंशांच्या उतारावर घर्षणांक ०.०५ असताना ५० मीटरनंतर वेग किती होईल? साइन ८ = ०.१३९, कोसाइन ८ = ०.९९०.

२. दोन मुलांचे वजन ४० आणि ८० किलोग्रॅम आहे. हवेचा विरोध सोडला तर आधी खाली कोण पोहोचेल? सूत्रात वस्तुमान आहे का ते पाहा.

३. रात्री आकाश निरभ्र होते, पण जोराचा उबदार वारा सुटला होता. सकाळी हिम कसे असेल? उष्णता कोणकोणत्या मार्गांनी आली आणि गेली, त्याची यादी करून उत्तर द्या.

शिक्षकांनी तिसरा प्रश्न वर्गात चर्चेला घ्यावा. त्याचे एका ओळीचे उत्तर नाही, आणि डोंगरावर रोज सकाळी नेमका तोच प्रश्न सोडवावा लागतो.